सहीचा कागद

बैसाणे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात औषधांचा ट्रे लावत होते. सकाळचे दहा वाजले असतील. त्यांचा मुलगा मिलिंद एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले... झोपेतच." मी "निघते" म्हणाले, ट्रे पूर्ण लावला, दुसऱ्या सिस्टरच्या हवाली केला आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसले. आणि मला हायसं वाटलं. दीड महिन्यानंतर हे सरळ लिहून टाकते आहे, कारण ज्या माणसाविषयी लिहायचं आहे त्याला आडवळणाचं बोलणं खपत नसे. मोठ्या आजारातून माणूस गेला की लोक म्हणतात, सुटले बिचारे. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मीही कितीतरी नातेवाइकांना तसंच म्हटलं आहे. पण त्या बाकावर मला जे वाटलं ते सरांसाठी नव्हतं. सुटले होते मी. आता दर रविवारी धुळ्याला जायचं नव्हतं, त्यांच्यासमोर बसून हसऱ्या तोंडाने खोटं बोलायचं नव्हतं. रडू आलं, पण ते त्यानंतर. आधी आलं ते हायसंच.

सर कोण हे आधी सांगायला हवं. रघुनाथ बैसाणे धुळ्याच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचे. या विषयाला मुलं येईनाशी झाली आणि विभागाला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एक दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला, 'नीतिशास्त्र : सिद्धान्त आणि उपयोजन' नावाचा. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल, नोकरी करणारा असेल तर उत्तमच, वर्ग शनिवार-रविवारी. निम्मा वेळ जुन्या-नव्या विचारवंतांचे सिद्धान्त आणि निम्मा वेळ आमच्या-आमच्या कामातले पेच. आमच्या तुकडीत शिरपूरचे एक वकील होते, एक कृषी अधिकारी, एक औषधविक्रेते, दोन-तीन शाळामास्तर, आणि जळगावहून एसटीने येणारी मी, परिचारिका. मी काही ज्ञानाच्या ओढीने गेले नव्हते. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्याची जागा हवी असेल तर पुढचं शिक्षण लागेल असं आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या होत्या आणि नीतिशास्त्र म्हणजे शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखं असेल असा माझा समज होता. खोटं बोलू नये, चोरी करू नये, झाला पेपर. पहिल्याच तासाला सर म्हणाले की या वर्गात सगळे वेगवेगळ्या कामांतले आहेत, तेव्हा 'आमच्यात असंच चालतं' हे वाक्य इथे चालणार नाही, ज्याला ते बोलायचं असेल त्याने बाहेर जाऊन चहा पिऊन यावं. आम्ही सगळ्यांनी वह्या उघडल्या.

त्या अभ्यासक्रमाचं सगळं शिक्षण एका कागदात होतं असं मला आता वाटतं. आम्ही त्याला सहीचा कागद म्हणायचो. ज्या माणसाचं वागणं तुम्हाला साफ चुकीचं वाटतं असा, तुमच्या कामातलाच, एक माणूस निवडायचा. एका पानावर त्याची बाजू लिहायची, 'मी' असं म्हणून, जणू तोच लिहितो आहे. मग त्याच्याकडे जायचं आणि ते त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याला वाटेल ते तो खोडेल, वाटेल ते घालेल. शेवटी "हो, माझं म्हणणं हेच" असं म्हणून त्याने खाली सही केली, की मग, आणि मगच, पुढच्या पानावर 'माझी बाजू' असा मथळा देऊन तुम्ही त्याच्या विरोधात काय लिहायचं ते लिहा. सही नाही तर वाद नाही. वकीलसाहेबांची तर पहिल्या महिन्यात पंचाईतच झाली. समोरच्या पक्षकाराची बाजू त्याच्या तोंडून निघाल्यासारखी लिहिताना त्यांना म्हणे घाम फुटला.

ही रीत सरांनी कुठल्या ग्रंथातून घेतली असेल असं आम्हाला वाटायचं. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं तेव्हा ते हसले. त्यांचे वडील शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचे. गावाची ठरलेली कामं त्या काळी ज्या घरांवर टाकलेली असायची, त्यांतलं त्यांचं घर. निरोप पोचवणं हे वडिलांचं काम, त्यातही मयताचे निरोप. पायी दहा-दहा कोस जायचं, ज्यांच्याकडे निरोप त्यांच्या अंगणाबाहेर उभं राहायचं, आणि ज्याने पाठवला त्याचे शब्द जसेच्या तसे पोचवायचे. "निरोपात एक शब्द बदलला तर मार बापाला पडायचा," सर म्हणाले. "म्हणून दुसऱ्याचं म्हणणं चोख पोचवणारा माझ्या बापाइतका हुशार माणूस मी विद्यापीठात पाहिला नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. वडील मयताचा निरोप घेऊन गेले तरी दारात एकदम सांगायचे नाहीत, असंही ते म्हणाले. उभे राहायचे. घरचा माणूस "काय झालं?" म्हणून विचारेपर्यंत थांबायचे. काही घरांत लोक पुष्कळ वेळ विचारायचेच नाहीत. ऊनपाण्याचं बोलायचे, पिकाचं बोलायचे. वडील उत्तरं देत उभे राहायचे.

माझा पहिला कागद माझ्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या भावाविषयी होता. शिंदखेड्याकडचे शेतकरी, अभिमन आबा. त्यांच्या मोठ्या भावाला कॅन्सर निघाला होता आणि आबांनी साऱ्या स्टाफला बजावलं होतं की भावाला काही कळता कामा नये. माझा नुसता संताप झाला होता. ज्याचं शरीर, ज्याचा आजार, त्यालाच अंधारात ठेवायचं हा कुठला न्याय? तेव्हा मी झटक्यात आबांची बाजू लिहून काढली, त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, इथे सही करा. त्यांनी केली. दवाखान्यात आलेला माणूस सिस्टरने कागद पुढे केला की सही करतोच. आम्ही दिवसातून दहा वेळा अशा सह्या घेतो, ऑपरेशनच्या, भुलीच्या, डिस्चार्जच्या. कागद सरांना दिला तर त्यांनी सही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वाचून दाखवला का? मी म्हटलं, सर, सही आहे ना. त्यांनी कागद परत केला. "सिस्टर, ही सही ऑपरेशनची झाली. मला या कागदाची हवी आहे." सगळा वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी बसमध्ये पारोळा येईपर्यंत तोंड वर करवेना. त्या एका वाक्याने माझ्या नोकरीतली किती वर्षं उघडी पडली ते मलाच माहीत.

भाऊ तोवर घरी गेले होते. मी आबांच्या गावी गेले, ओट्यावर बसले आणि कागद वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की आम्ही घाबरतो म्हणून भावाला सांगत नाही. आबांनी मला तिथेच थांबवलं. "ताई, आम्ही घाबरतस असं नका लिखू. त्याले बठ्ठं माहित शे. तो इचारी तव्हय सांगसूत. तो इचारस नही, म्हनजे त्याले आते ऐकानं नही." मी 'घाबरतो' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, त्याला सगळं माहीत आहे, तो विचारेल तेव्हा सांगू. दुसऱ्या खेपेला त्यांनी आणखी दोन वाक्यं बदलली. तिसऱ्या खेपेला पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली आणि सावकाश सही केली. तेव्हा आतून भाऊंच्या खोकल्याचा आवाज येत होता. पुढच्या पानावर मी माझी बाजू लिहिली, आणि पुढे त्यावरच माझा प्रबंधही झाला, की पेशंटला खरं कळलंच पाहिजे, लपवणं ही मायेच्या नावाखाली केलेली चोरी आहे. 'चोरी' हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता. सरांनी चांगले गुण दिले आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, "पटलं. तुमच्यावर वेळ आली तर कळवा."

वेळ आली ती बारा वर्षांनी, आणि आली ती त्यांच्याच रूपाने.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मला शिकवण्याची जागा मिळाली, मग पुन्हा वॉर्ड मिळाला. भेटी कमी झाल्या तरी दिवाळीला आणि बुद्धपौर्णिमेला मी जायचे आणि अक्का फुणके-कढी करायच्या. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. आमची सगळी तुकडी त्यांना अक्काच म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात सरांचं खाणं उतरलं, डोळे पिवळे दिसायला लागले, आणि मी आहे म्हणून मिलिंदने त्यांना जळगावला आमच्याकडे आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मिलिंदला आत बोलावून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, महिने मोजायचे. मिलिंद बाहेर आला आणि त्याने जिन्यापाशी माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, "ताई, बाबांना सांगू नका. त्यांना नाही सहन होणार." ज्या माणसाने अर्धं आयुष्य खरं-खोटं याच विषयावर घालवलं त्याला खरं सहन होणार नाही असं त्याचा मुलगा म्हणत होता, आणि माझ्या हातात त्या विषयातली पदवी होती. मी अर्ध्या मिनिटात हो म्हणाले. प्रबंधातलं एक वाक्यही त्या जिन्यावर माझ्या मदतीला आलं नाही.

तरीही एक आडोसा होता, अभिमन आबांचा. त्यांनी विचारलं तर सांगू, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मी सलाइन लावत असताना सरांनी विचारलं. अगदी सहज विचारलं, "सिस्टर, रिपोर्टात काय आलं?" मिलिंद पायाशी उभा होता. मी सलाइनचे थेंब बघत म्हटलं, स्वादुपिंडाला सूज आहे सर, वेळ लागेल पण उतरेल. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधीही विचारलं नाही. माझा आडोसा तिथेच पडला, कारण त्यांनी विचारलं होतं आणि तरी मी सांगितलं नव्हतं. अभिमन आबा माझ्यापेक्षा स्वच्छ निघाले.

पुढचे चार महिने मी दर रविवारी धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, धुळे, सकाळची बस. जाताना आठवडाभराची औषधं न्यायची. दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या मी वेष्टनातून काढून जीवनसत्त्वांच्या जुन्या बाटलीत भरायचे, कारण सर हाती लागेल ते छापील वाचायचे, अगदी भेळेचा कागदसुद्धा. ही युक्ती मी कुणाकडून शिकले नव्हते, तिचा मला थोडा अभिमानही होता. सर ती बाटली हातात घेऊन म्हणायचे, "ही तुमची ताकदीची गोळी भारी आहे हो. पाठीचं दुखणंसुद्धा तिचं ऐकतं." मी हसायचे. मग आम्ही गप्पा मारायचो. वर्गातल्या गोष्टी निघायच्या, शिरपूरच्या वकिलांची चेष्टा व्हायची, ते मला नवीन काहीतरी वाचायला सांगायचे. ते हडकत चालले होते आणि मी दर वेळी म्हणायचे, आज चेहऱ्यावर तेज दिसतंय सर. परतीच्या बसमध्ये मात्र माझं डोकं दुखायचं. कधी कधी वाटायचं, फोन करून सांगावं की या रविवारी ड्यूटी आहे. पण एकदाही केला नाही, का ते मला माहीत नाही.

शेवटच्या रविवारी ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. मांडीवर त्यांचं ते पुठ्ठ्याचं पॅड, परीक्षेला मुलं नेतात तसलं, वर चिमटा असलेलं. सहीचे कागद ते कायम त्याच पॅडवर तपासायचे. मी आले तसं त्यांनी ते उलटं करून बाजूला ठेवलं. मग एकदम विचारलं, "तुमचे ते अभिमन आबा, त्यांच्या भावाचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं की भाऊ त्याच वर्षी गेले.

"शेवटी त्यांनी विचारलं का?"

"नाही सर."

"आणि आबांनी सांगितलं?"

"नाही."

"म्हणजे दोघांनीही शेवटपर्यंत निभावलं," सर म्हणाले. मी घाईने बाटली भरायला घेतली. आतून अक्कांनी जेवायला हाक मारली आणि मी सुटल्यासारखी उठले. पाठमोरी झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "सिस्टर..." मी वळले तर ते म्हणाले, "काही नाही. जेवून घ्या." पुढच्या गुरुवारी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरापुढे मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दूरवर बसली होती, कित्येक तुकड्यांतले विद्यार्थी आले होते. भन्तेजींच्या मागून सगळे एका सुरात पंचशील म्हणत होते. माझं घर हिंदू, पण इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने मलाही ते पाठ झालं होतं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझे ओठ उघडेनात. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. मग लोक बोलायला उठले. प्रत्येक जण सरांच्या खरेपणाचं सांगत होता. आपल्या तुकडीतर्फे मंगलाने दोन शब्द बोलावेत असं वकीलसाहेबांनी माईकवरून सांगितलं, आणि मी नकारार्थी मान हलवत राहिले. त्यांना वाटलं मला बोलवत नाही. त्या दिवशी बाकावर वाटलेलं ते हायसं कधीच विरलं होतं. त्याच्या जागी एकच वाक्य बसलं होतं, की ते मला खरं समजून गेले आणि मी त्यांच्याशी खोटी होते, आणि आता हे फिरवता येणार नाही. पुढचे चार-पाच आठवडे ते वाक्य माझ्याबरोबर वॉर्डात हिंडत होतं. मी पेशंटशी बोलणं टाळायला लागले. साधं "बरं वाटेल हं" म्हणतानाही जीभ अडखळायची.

मग एके दिवशी अक्कांचा फोन आला की सरांच्या कपाटातले विद्यार्थ्यांचे कागद काय करायचे ते येऊन बघ. मी रविवारचीच बस धरली, सवयीने. एरंडोल, पारोळा, धुळे. बाहेरची खोली होती तशीच होती. आरामखुर्ची खिडकीजवळ, सनमायक्याचं टेबल, लोखंडी कपाट उघडं. अक्कांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं. टेबलावर ती जीवनसत्त्वांची बाटली अजून होती. ती दिसली आणि माझा बांध फुटला. मी अक्कांना सगळं सांगायला लागले, जिन्यापासून. रिपोर्ट, मिलिंद, सूज, गोळ्या. म्हटलं, अक्का, तुम्हाला आणि सरांना मी चार महिने फसवलं, मला माफ करा.

अक्कांनी पदराने बाटलीवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "व माय, त्यासले तं पहिला दिसपाईन माहित व्हतं. ताकदनी गोळीघाई कोनी दुखनं थांबस का?"

मी विचारलं, तुम्हाला? त्या म्हणाल्या, मालेबी. सरांनी दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच त्यांना बसवून सांगितलं होतं. दोघांनी काय ते रडून घेतलं होतं, मिलिंदचं आणि घराचं काय ते बोलून घेतलं होतं. मिलिंदलाही शेवटच्या आठवड्यात त्यांनी जवळ घेऊन सांगितलं होतं. म्हणजे त्या घरात उरले होते मी एकटी, जिच्यापासून हे लपवलेलं होतं. पेशंट मजेत होता आणि नर्सला अंधारात ठेवलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? अक्कांनी सरांचेच शब्द सांगितले. "त्या म्हनेत, मंगलाले बोलू नको. ती इतली हिंमत धरीसन येस, तिले येऊ दे."

लपवणं ही मायेच्या नावाखाली केलेली चोरी आहे असं मी शंभर पानांत सिद्ध केलं होतं. आता ती चोरी माझ्या बाबतीत झाली होती आणि मला राग येत नव्हता. मला हसू यायला लागलं. जीवनसत्त्वांची बाटली आणि तिचा तो माझा अभिमान! अक्काही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या वेळचं हायसं वाटणं मी कुणापासून लपवावं असं नव्हतं.

मग अक्का उठल्या आणि कपाटातून ते पुठ्ठ्याचं पॅड घेऊन आल्या. चिमट्यात एक कागद होता. अक्षर सरांचंच, पण थरथरलेलं, ओळी उताराला लागलेल्या. मी हात पुढे केला तर त्यांनी पॅड मागे घेतलं. सरांनी बजावून ठेवलं होतं म्हणे की हा तिच्या हातात द्यायचा नाही, वाचून दाखवायचा, नुसती सही घेतलेली चालत नाही. "तुले माहित शे कायदा," अक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, आरामखुर्चीत बसल्या आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागल्या. "मी मंगला. मी परिचारिका आहे." सरांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. बारा-तेरा वर्षं नुसतं सिस्टर.

मी जमिनीवर बसून माझी बाजू ऐकत होते. माझे सर माझ्याच वॉर्डात दाखल झाले, असं त्यात होतं. त्यांच्या मुलाने हात जोडले तेव्हा मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जरा लांब उभं राहावं लागतं आणि मी लांबची नव्हते. सरांनी एकदा विचारलं, पण ते विचारणं खरं नव्हतं. मुलगा पायाशी उभा असताना कुठला बाप असं खरोखर विचारतो? त्यांनी मला उगीच कोंडीत पकडलं. त्यानंतर मी दर रविवारी नव्वद किलोमीटर येत राहिले. खोटं बोलणारा माणूस टाळाटाळ करतो, मी एकदाही टाळलं नाही. अक्का मध्ये मध्ये थांबायच्या, चष्मा पुसायच्या, पुन्हा ओळ शोधायच्या. शेवटचं वाक्य होतं, "मी खोटं बोलले ते त्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"अक्का, थांबा," मी म्हटलं. "हे बरोबर नाही."

अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. एवढं सगळं त्यांनी माझ्या बाजूने लिहिलं होतं, माझ्यापेक्षाही मायेने. मी गप्प राहून सही केली असती तर कुणाला कळलं असतं? पण ती सही पुन्हा ऑपरेशनची झाली असती. मी पॅड मागून घेतलं आणि ते वाक्य एका रेघेने खोडलं. खाली लिहिलं, "मी खोटं बोलले ते मी घाबरले म्हणून. खरं कळल्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतील ती नजर मला सहन झाली नसती." अभिमन आबांनी जो शब्द खोडायला लावला होता, तोच मी इथे घातला. मग नियमाप्रमाणे अक्कांनी तो पूर्ण कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला, नव्या वाक्यासकट. सावकाश, एकही शब्द न बदलता. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "हो. माझं म्हणणं हेच." हे म्हणताना जीभ अडखळली नाही.

मी सही केली, नुसती 'मंगला' अशी. चिमट्यातून कागद काढला तेव्हा त्याच्यामागे आणखी एक पान लागलेलं दिसलं. वर त्याच थरथरत्या अक्षरात मथळा होता, 'माझी बाजू', आणि खाली पान कोरं. चार महिने त्यांच्याजवळ पेन होतं, वेळ होता, बोलायला पुष्कळ असणार होतं. पण माझी सही झालेली नव्हती म्हणून त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती.

मी दोन्ही पानं पुन्हा पॅडला लावली, माझं मागे आणि कोरं वर, आणि पॅड आरामखुर्चीच्या हातावर त्यांच्या जागी ठेवलं. पेनाचं टोपण काढून ते शेजारी ठेवलं. आता सरांना लिहायला हरकत नव्हती.